साठीकडे झुकताना एरियल डान्स: व्यवसाय म्हणून किती काळ आणि कोणत्या रूपात?

अधांतर (ओकलंड, कॅलिफोर्निया)

नमस्कार मंडळी. येथे नृत्यावर चर्चा होते ती बहुधा कथक-भरतनाट्यमची. माझा प्रश्न जरा आडवाटेचा आहे. मी एरियल डान्स, म्हणजे हवेत टांगलेल्या साधनांवरचे नृत्य, करते आणि शिकवते, आणि गेली बरीच वर्षे माझे घर त्यावरच चालते. शाळेत असताना दादरला दोरीचा मल्लखांब केला होता, त्याची पुंजी इकडे आल्यावर कामी आली. माझे मुख्य साधन म्हणजे एकाच बिंदूवरून टांगलेला, खालच्या उंचीचा ट्रॅपीझ, म्हणजे दोऱ्यांना बांधलेला आडवा दांडा. सर्कशीत दांड्याच्या दोन दोऱ्या वर दोन वेगवेगळ्या ठिकाणी बांधलेल्या असतात. येथे त्या वर एका फिरत्या कडीत येऊन मिळतात आणि दांडा फार तर छातीच्या उंचीवर असतो. त्यामुळे नर्तिका जमिनीवरून धावत येते, दांडा धरते, वर्तुळात उडते आणि वेग ओसरला की पुन्हा पावले टेकवून चालू लागते.

मी आता सत्तावन्नाव्या वर्षात आहे. ज्या संस्थेबरोबर मी काम करते तिच्या संचालकांनी गेल्या हंगामाच्या अखेरीस अगदी आदराने सुचवले की, यापुढे मी नृत्यरचना पाहावी आणि वर तरुण मुलामुलींना जाऊ द्यावे. या सूचनेत वाईट काही नाही. पण रचनाकाराला एकदाच मानधन मिळते, नाचणाऱ्याला प्रत्येक प्रयोगाचे मिळते, हे सांगायचे मात्र त्यांच्याकडून राहून गेले. शिवाय, मला अजून नाचायचे आहे. उजवा खांदा सकाळी आखडलेला असतो आणि गिरक्यांनंतर डोके ताळ्यावर यायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो, हेही खरे.

हौस म्हणून काय करावे, हे मला विचारायचे नाही. या क्षेत्रात साठी-सत्तरीपर्यंत व्यावसायिक म्हणून टिकलेल्या लोकांनी नेमके काय बदलले, शरीराचा हिशेब कसा मांडला, आणि पोटापाण्याचे काय केले, हे जाणून घ्यायचे आहे. "वय हा केवळ आकडा आहे" छापाची उत्तरे कृपया देऊ नयेत.

---

प्रेक्षागृहातला (न्यू जर्सी)

मी नर्तक नाही. तिकीट काढून पाहणारा आणि घरी आल्यावर त्याविषयी वाचणारा माणूस आहे. तरी तुमच्या पहिल्या प्रश्नावर थोडे लिहितो, कारण मला वाटते की तुम्ही ज्या परंपरेत काम करता तिच्या मुळाशीच त्याचे निम्मे उत्तर आहे.

तुम्ही वर्णन केलेला एकबिंदू ट्रॅपीझ नृत्यात रुजवला तो टेरी सेंडग्राफ यांनी, तुमच्याच बे एरियात (सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड परिसरात), १९७० च्या दशकाच्या मध्यावर. त्यांचा जन्म १९३३ चा. म्हणजे 'मोटिव्हिटी' नावाने ओळखली जाणारी ही पद्धत त्यांनी उभी केली तेव्हा त्यांची चाळिशी उलटून गेली होती. जिम्नॅस्टिक्स आणि आधुनिक नृत्य दोन्ही करून झालेल्या, उंचीवरच्या धाडसात फारसा रस न उरलेल्या, पण झोक्यात शरीराचे वजन काय करते याचे कुतूहल असलेल्या बाईची ती निर्मिती आहे. दांडा खाली आणला की पडण्याची भीती मागे पडते आणि हालचालीचा दर्जा पुढे येतो. वीस वर्षांच्या कसरतपटूसाठी आखलेल्या कलेत वयस्कर बाई कशीबशी टिकून राहते, असे तुमच्या बाबतीत मुळी नाहीच. ही कला घडवणारीच मध्यमवयीन होती. तुमच्या संचालकांना हा इतिहास ठाऊक असेल, पण निर्णय घेताना तो त्यांच्या लक्षात राहिला नसावा.

दुसरे उदाहरण न्यूयॉर्कचे. नृत्यरचनाकार ट्रिशा ब्राउन यांनी १९७० मध्ये सोहो भागातील वूस्टर स्ट्रीटवरच्या एका इमारतीच्या भिंतीवरून एका माणसाला हार्नेसच्या (अंगाला बांधायच्या पट्ट्यांच्या) आधारे, अंग भिंतीला काटकोनात ठेवून, जमिनीकडे तोंड करून सरळ खाली चालत आणले. उडी नाही, गिरकी नाही. साध्या चालीने उतरायचे, एवढीच ती रचना. चाळीस वर्षांनी, २०१० मध्ये, व्हिटनी संग्रहालयाच्या इमारतीवर ती पुन्हा सादर झाली. तेव्हा उतरणाऱ्यांपैकी एक होत्या नृत्यरचनाकार एलिझाबेथ स्ट्रेब, वय ६०. त्याच स्ट्रेब २०१२ च्या उन्हाळ्यात, ऑलिंपिकच्या निमित्ताने झालेल्या कार्यक्रमात, लंडनच्या सिटी हॉलच्या काचेच्या उतारावरून चालत खाली आल्या. यात लक्षात घेण्यासारखे हे की स्ट्रेब यांची स्वतःची नृत्यभाषा याच्या अगदी उलट, आदळआपट करणारी आहे, आणि ती त्यांनी केव्हाच तरुण नर्तकांच्या हाती दिली होती. स्वतःसाठी त्यांनी साठीत जे निवडले त्यात हात मोकळे असतात, वजन कमरेवर येते आणि कस लागतो तो पोटा-पाठीचा व मनाच्या स्थैर्याचा.

एक सावधगिरीची सूचना. या विषयावर शोध घेतला की पहिल्यांदा समोर येतात त्या बेटी गुडहार्ट: वयाच्या ७८ व्या वर्षी फ्लाइंग ट्रॅपीझ शिकायला लागलेल्या आणि ८४ व्या वर्षी गिनीज विक्रम नावावर असलेल्या कॅलिफोर्नियाच्या बाई. त्यांच्याविषयी मला आदरच आहे, पण तुमच्या प्रश्नाशी त्यांचा संबंध थोडा आहे. त्यांच्या खांद्यांनी त्याआधी ट्रॅपीझची चाळीस वर्षे सोसलेली नव्हती. उशिरा सुरू करणे आणि न थांबता चालू ठेवणे या दोन गोष्टींत शरीराच्या दृष्टीने फार अंतर आहे.

---

सांधेजोड (पुणे)

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे मल्लखांबपटू, गिर्यारोहक आणि नर्तक येतात. न तपासता निदान करणार नाही, पण ताईंनी लिहिलेल्या लक्षणांपैकी काहींवर सर्वसाधारण बोलता येईल.

आधी खांदा. सकाळी आखडणारा खांदा म्हणजे झीजच, असे गृहीत धरू नका. चाळीस ते साठ या वयात, विशेषतः बायकांमध्ये, फ्रोझन शोल्डरचे (खांद्याचा सांधा आखडून बसण्याचे) प्रमाण बरेच असते, आणि मधुमेह असेल तर ते आणखी वाढते. कोपर कुशीला चिकटवून, काटकोनात ठेवून, पुढचा हात बाहेरच्या बाजूला वळवा. दुसऱ्या कोणी हलकेच ढकलले तरी तो वळत नसेल, तर प्रश्न सांध्याच्या वेष्टनाचा असण्याची शक्यता अधिक आणि त्यावर ट्रॅपीझ हा उपाय नव्हे. वळत असेल, पण वर उचलताना मधल्या टप्प्यात कळ येत असेल, तर रोटेटर कफ म्हणतात त्या चार स्नायूंच्या कंडरांकडे (स्नायू हाडाला जोडणाऱ्या पट्ट्यांकडे) पाहावे लागेल. येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो: साठीच्या आसपास, काहीही दुखत नसलेल्या अनेक माणसांच्या एमआरआयमध्येही या कंडरांत चिरा दिसतात. त्यामुळे अहवालातला शब्द वाचून घाबरून काम सोडणारे जसे मी पाहिले आहेत, तसे अहवाल चांगला आला म्हणून दुखण्याकडे दुर्लक्ष करणारेही पाहिले आहेत.

वयानुसार स्नायूंचे वस्तुमान तिशीनंतर दर दशकात साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटते आणि साठीनंतर हा वेग वाढतो, हे खरे असले तरी तुमच्यासारख्या व्यक्तीचा खरा शत्रू स्नायू नव्हे, कंडरा आहे. स्नायूला योग्य भार दिला तर तो काही आठवड्यांत प्रतिसाद देतो. कंडरेला रक्तपुरवठा कमी, म्हणून तिला महिने लागतात. हंगाम संपल्यावर दोन महिने पूर्ण विश्रांती आणि मग पंधरा दिवसांत प्रयोगाची तयारी, हे तिशीत खपून जाते. पन्नाशीनंतर तेच दुखापतीचे सर्वांत मोठे कारण ठरते. हंगाम असो वा नसो, आठवड्यातून दोन-तीन वेळा थोडे लटकणे चालूच ठेवावे. तेही नुसते लोंबकळणे नको: हात सरळ, पण खांदे कानांपासून दूर खाली ओढलेले, पाठीची पाती कामाला लावलेली. वीस सेकंद असे राहता येणे हे एका हाताने मारलेल्या दहा करामतींपेक्षा मोलाचे आहे.

आता ज्याकडे या कलेतल्या बायकांचे हमखास दुर्लक्ष होते ते सांगतो. लटकण्याने खांदे आणि पाठ बळकट होतात, पण मांडीच्या हाडाला आणि मणक्याला जो भार लागतो तो त्यातून मिळत नाही. उलट, मणका त्या वेळी भारमुक्तच असतो. रजोनिवृत्तीनंतर हाडांची घनता वेगाने उतरते. म्हणून आयुष्यभर इतका व्यायाम केला असूनही तुमची डेक्सा (हाडांच्या घनतेची) तपासणी निराशाजनक येऊ शकते. जमिनीवर उभे राहून वजने उचलणे, जिने चढणे, सांधे परवानगी देतील तेवढ्या उड्या मारणे, हे आता तुमच्या तालमीचाच भाग समजा.

डोके खाली करून राहण्याबद्दल: उलटे झाल्यावर डोळ्यांतील दाब जवळजवळ दुप्पट होऊ शकतो. काचबिंदूची शंका असेल, घराण्यात असेल, किंवा रक्तदाब औषधांवर असेल, तर नेत्रतज्ज्ञांना विचारल्याखेरीज दीर्घकाळ उलटे राहू नये. चक्कर रेंगाळते त्याचे कारण बहुधा आतल्या कानात आहे. तोल सांभाळणारी यंत्रणा वयानुसार मंदावते. सरावाने ती काही प्रमाणात सुधारते, मात्र रोज थोड्या गिरक्या, दोन्ही दिशांनी, हाच तो सराव. आठवड्यातून एकदा भरपूर गिरक्या घेऊन उपयोग होत नाही.

---

सह्यदोर (नाशिक)

मी पेशाने अभियंता आणि छंदाने प्रस्तरारोहक आहे. डॉक्टरांनी खांद्याचे सांगितले; त्या खांद्यावर नेमका किती भार येतो, याचा हिशेब कोणीच मांडलेला दिसत नाही, म्हणून लिहितो.

स्थिर लटकताना हातांवर तुमच्या वजनाइतका ताण असतो. झोक्यात तो बदलतो, आणि सर्वांत जास्त होतो तो झोका तळाशी येतो त्या क्षणी. उभ्या रेषेपासून ३० अंशांतून सोडलेल्या झोक्यात तळाशी वजनाच्या सव्वापटीहून थोडा अधिक ताण येतो, ६० अंशांतून दुप्पट, आणि दोरी आडवी होईपर्यंत, म्हणजे ९० अंशांतून, तिप्पट. वजन ५५ किलो धरले तर हा फरक अंदाजे ७० किलो आणि १६५ किलो यांतला आहे. प्रेक्षकाला ६० अंशांचा झोका ३० अंशांच्या झोक्याहून फार वेगळा वाटेलच असे नाही. मनगटाला आणि खांद्याला तो निश्चितच वेगळा वाटतो. तेव्हा झोक्याचा कोन हा तुमच्या हातातला पहिला नळ आहे, तो हवा तेवढाच उघडा. दुसरा उपाय म्हणजे तळाचा तो क्षण हातांवर न घेता गुडघ्यांवर, कमरेवर किंवा दांड्यावर बसून घेणे.

आणखी एक. वय वाढलेल्या कलाकारांच्या अपघातांविषयी बोलताना लोक कलाकाराच्या वयावर सगळे ढकलून मोकळे होतात. तारेवरचे प्रसिद्ध कसरतपटू कार्ल वॉलेंडा १९७८ मध्ये प्वेर्तो रिकोच्या सान हुआनमध्ये दोन उंच इमारतींमधल्या तारेवरून पडून गेले तेव्हा ते ७३ वर्षांचे होते. त्या दिवशी वारा होता. पण तार स्थिर ठेवणारे ताणाचे दोर नीट बांधले गेले नव्हते, असे त्यांच्या कुटुंबीयांचे म्हणणे होते. त्यांचीच मुलगी कार्ला वॉलेंडा ८१ व्या वर्षीदेखील डोलत्या खांबाच्या टोकावर शीर्षासन करत होती. ताई, तुम्ही रिगिंगचे, म्हणजे दोर-कड्या बांधून साधने टांगण्याचे, काम शिकलेल्या नसाल तर आता शिका. अनुभवी रिगरला वयाची अट नसते, त्याचे पैसे वेगळे मिळतात, आणि वर कोण कसा लटकणार आहे हे ज्याला स्वतःच्या अंगाने ठाऊक आहे असा रिगर सगळ्यांनाच हवा असतो.

---

एरंडेल (दादर)

ताई दादरच्या आणि दोरीवरच्या निघाल्या म्हणून राहवले नाही. मी प्रशिक्षक आहे. पूर्वी पुरलेल्या खांबावर होतो, आता मुलांना आणि हल्ली मोठ्यांनाही दोरी शिकवतो.

डॉक्टरांच्या म्हणण्याला माझा विरोध नाही, पण चर्चा फार हातांभोवती फिरते आहे. आपल्या दोरीवर बोटांच्या पकडीला तसे दुय्यम स्थान असते, हे ताईंना आठवत असेल. पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्यात दोरी धरायची, मांडीवरून, कमरेवरून, काखेतून तिचा वळसा घ्यायचा, कोठेही गाठ न मारता केवळ घर्षणाने आणि शरीराच्या ताणाने स्थिर व्हायचे, आणि मग हात सोडून द्यायचे. आसन पूर्ण झाले की हात मोकळेच असतात. दांड्यावर हे सुख नाही. पन्नाशी-साठीच्या ज्या बायका आमच्याकडे येतात त्यांना मी चढणे शेवटी शिकवतो. आधी खालीच, जमिनीपासून हातभर उंचीवर, अंगठ्याची पकड आणि मांडीचा वळसा. खांद्याला काही करावेच लागत नाही.

माझी सूचना अशी: तुमच्या ट्रॅपीझच्या रचनांत दोरीचा हा भाग आणा. दांड्याच्या वर ज्या दोन दोऱ्या आहेत त्यांच्याकडे दांडा टांगायची सोय म्हणूनच का पाहायचे? वळसा मांडीवर घेतला की झोक्याच्या तळाचा तो दुप्पट-तिप्पट भार कातडी आणि स्नायू वाटून घेतात. फक्त एक पथ्य: उतारवयात कातडी पातळ होते आणि सुती दोरी निर्दयपणे सोलते. तरुणपणी जेथे नुसते लाल व्हायचे तेथे आता साल निघेल, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर काळेनिळे डाग आठवडाभर जाणार नाहीत. पूर्ण बाह्यांचा, अंगाला घट्ट बसणारा पोशाख घाला, त्यात कमीपणा नाही.

आमच्याकडे व्यवसायाची गोष्ट निराळी आहे. स्पर्धेचे वय संपले की मल्लखांबपटू पंच होतो किंवा प्रशिक्षक, आणि प्रशिक्षक मरेपर्यंत प्रशिक्षक राहतो. उदय देशपांडे सरांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली ती या अशा आयुष्यभराच्या कामासाठी. पण प्रौढ माणसाने लोकांसमोर, तिकीट लावून, सादर करावे ही प्रथाच आमच्यात नाही. तुमच्याकडे ती आहे, तर सोडू नका.

---

अधांतर (ओकलंड, कॅलिफोर्निया)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डॉक्टर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे कोपर कुशीला लावून पाहिले. हात बाहेर वळतो, वर उचलताना मात्र मध्येच कळ येते. म्हणजे कंडरेचीच भानगड दिसते. येथील तज्ज्ञांची वेळ घेतली आहे. सह्यदोर यांचा हिशेब वाचून मी आमच्या जुन्या प्रयोगाचे चित्रीकरण पुन्हा पाहिले. माझा सर्वांत मोठा झोका ६० अंशांच्याही पुढे जातो आणि त्या क्षणी माझे संपूर्ण वजन उजव्या हातावर असते. रचना माझीच आहे, त्यामुळे ती बदलायला कोणाची परवानगी लागणार नाही.

एरंडेल सर, दोऱ्यांची सूचना लगेच करून पाहिली. ट्रॅपीझच्या दोऱ्या वर जाताना एकमेकींजवळ येतात, म्हणून मांडीचा वळसा एकाच दोरीवर घेतला तर दांडा तिरका होतो आणि सगळे साधन कलते. दोन्ही दोऱ्या एकत्र धरून घेतला की जमते, पण जाडी दुप्पट झाल्याने अंगठ्याची पकड बसत नाही. काखेचा वळसा मात्र सुरेख बसला. दांडा तिरका होण्याचाच रचनेत उपयोग करता येईल का, हे पाहते आहे.

पैशांचा प्रश्न अजून तसाच आहे. त्यावर कोणी लिहील का?

---

जमाखर्च (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

मी करसल्लागार आहे. कलावंतांची विवरणपत्रे पाहताना नेहमी आढळणाऱ्या दोन-तीन गोष्टी सांगतो. तुमच्या कागदपत्रांवर मत देत नाही.

पहिली गोष्ट: सोशल सिक्युरिटीची (अमेरिकेच्या सरकारी निवृत्तीवेतनाची) रक्कम तुमच्या सर्वाधिक कमाईच्या ३५ वर्षांच्या सरासरीवर ठरते, आणि त्यात धरली जाते ती फक्त नोंदवलेली कमाई. अनेक नर्तक खर्चाच्या वजावटी दाखवून उत्पन्न जवळपास शून्यावर आणतात, त्या वर्षी कर वाचतो, आणि ती वर्षे निवृत्तीवेतनात शून्य म्हणूनच मोजली जातात. तुमची अजून आठ-दहा वर्षे कमाईची असतील तर त्यांतील प्रत्येक वर्ष जुन्या एखाद्या कोऱ्या वर्षाची जागा घेईल. १९६० मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पूर्ण रक्कम ६७ व्या वर्षी मिळते. ६२ व्या वर्षी घेता येते, पण कायमची कमी होऊन. मेडिकेअर (सरकारी आरोग्यविमा) ६५ व्या वर्षी सुरू होते, तोवरच्या आरोग्यविम्याचा खर्च हाच बहुतेकांच्या बाबतीत खरा अडसर असतो.

दुसरी: कॅलिफोर्नियात २०२० पासून एबी-५ कायदा लागू झाल्यावर अनेक नृत्यसंस्थांना नर्तकांना कंत्राटदाराऐवजी कर्मचारी म्हणून घ्यावे लागले. तुम्ही कर्मचारी असाल तर कामावरील दुखापतीची भरपाई संस्थेच्या विम्यातून मिळते. रचनाकार म्हणून स्वतंत्र कंत्राटावर गेलात तर हे छत्र जाऊ शकते, आणि तालमीत करून दाखवताना खांदा दुखावला तरी खर्च तुमचाच. "यापुढे तुम्ही फक्त रचना पाहा" या वाक्यामागे हा फरकही आहे का, ते लेखी विचारून घ्या.

तिसरी: रचनेचे मानधन एकरकमी घेण्याऐवजी, प्रत्येक प्रयोगामागे ठरावीक रक्कम आणि दुसऱ्या संस्थेने ती रचना बसवल्यास वेगळे शुल्क, असा करार नृत्यक्षेत्रात रूढ आहे. तुमच्या संस्थेने तो स्वतःहून पुढे केला नसेल, पण मागायला हरकत नाही. करारात रचना कोणाच्या मालकीची हे स्पष्ट लिहून घ्या, कारण कर्मचारी या नात्याने केलेली रचना कायद्याने संस्थेची ठरू शकते. दुसऱ्या आणि तिसऱ्या मुद्द्यांत येथे ओढाताण आहे: कर्मचारी राहिलात तर विमा मिळेल, पण मालकी जाऊ शकते. दोन्ही हवे असेल तर नर्तिका म्हणून नोकरी आणि रचनेसाठी स्वतंत्र करार, असे दोन कागद करावे लागतील. तसे करणाऱ्या संस्था आहेत. मसुदा तयार झाला की सही करण्याआधी वकिलाला दाखवा.